लंकेतल्या तलावाच्या पाळीवर

परत आल्यापासून आमगावात जो भेटतो तो एकच विचारतो, "मास्तर, लंका खरंच सोन्याची आहे का हो?" शाळेत, बाजारात, स्टेशनावर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून शेवटी हे लिहायला घेतलं. सोनं कुठं दिसलं नाही. नारळ दिसले, चहा दिसला, हत्ती दिसले. आणि माझे सासरे एका परक्या गावाच्या तलावापाशी, फावडी घेतलेल्या पंधरावीस माणसांच्या आडवे उभे राहिलेले दिसले. तिथवर कसे पोचलो ते आधी सांगतो.

माझे सासरे डोमाजी पाटील साठीच्या पुढचे आहेत. आमची जात कोहळी. आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाव बांधावे ते कोहळ्यांनी, असं लोक म्हणतात आणि आम्हीही ते नाकारत नाही. मी स्वतः मात्र शाळामास्तर. तलावात पोहण्यापलीकडं त्यातलं मला काही कळत नाही. मामाजींना कळतं. (आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि ते मला जवाईबापू.) सौंदड स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर त्यांचं गाव आहे. तिथल्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा मोठा बांध, राखायची आणि पाणी वाटायचं हे त्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. चालता चालता माती दिसली की ते चिमूटभर उचलून बोटांत चोळून बघतात. लग्नात माझ्या वडिलांच्या अंगणातली मातीही त्यांनी अशीच चोळून बघितली होती.

यंदा धान लवकर घरात आलं, मळणी आटपली, आणि मामाजींनी रामेश्वराला जायचं काढलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी मला बरोबर दिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "रामेश्वर करा आन् सरळ घरी या."

रामेश्वर

सौंदडहून छोट्या गाडीनं चांदा, तिथून मद्रास आणि मग खाली रामेश्वर. हा प्रवास ज्यांनी केला त्यांना तो माहीत आहे आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, इतकी धूळ खाल्ली.

मामाजींनी समुद्र प्रथमच पाहिला. बराच वेळ काठावर उभे राहिले, मग ओंजळ भरून चाखली आणि थुंकून टाकली. "एवढं पानी," ते म्हणाले, "आन् एका बांधीच्या कामाचं नाई." बांधी म्हणजे आमच्याकडं धानाचा एक वाफा.

धर्मशाळेत एक तमिळ आचारी होता. काही वर्षं नागपुरात काढलेली, त्यामुळं त्याची हिंदी आमच्या गोंदियाच्या हिंदीइतकीच मोडकी. जेवण वाढता वाढता त्यानं सांगितलं की समुद्रापलीकडं लंकेत जुन्या राजांनी असे तलाव बांधलेत की एका पाळीवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही.

"मग तो तलाव नाई. समुद्रच असन," मामाजी म्हणाले.

"तालाब है, बाबा. मीठा पानी. धान होता है."

मामाजींनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. सकाळी अग्नितीर्थावर स्नान करून आले आणि ओल्या धोतरातच म्हणाले, "जवाईबापू, इथवर आलो तं पाहूनच जाऊ."

मी म्हटलं, "मामाजी, सासूबाईंनी सरळ घरी यायला सांगितलंय."

"तिले मी सांगन."

"काय सांगाल?"

"पाहून आलो म्हनून सांगन."

लंकेला जाणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना अलीकडं मंडपमच्या छावणीत काही दिवस थांबवतात, रोगराई पलीकडं जाऊ नये म्हणून. तिथं चहाच्या मळ्यांवर निघालेले शेकडो तमिळ मजूर होते, बायकापोरांसह. मी कागद दाखवायला गेलो तेवढ्यात मामाजी त्यांच्याच रांगेत जाऊन उकिडवे बसले. परत आलो तर त्यांच्या गळ्यात नंबराचा बिल्ला होता आणि ते एका म्हाताऱ्याबरोबर तंबाखू मळत होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. हे मजूर नाहीत, जमीनवाले आहेत, हे कारकुनाला पटवायला मला दुपार लागली. मामाजींना त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. कपडे वाफेत घालून काढतात, त्यात त्यांच्या लाल पागोट्याचा रंग आम्हा दोघांच्या सगळ्या कपड्यांना लागला. पुढची लंका आम्ही गुलाबी सदऱ्यांत पाहिली.

कोलंबो आणि डोंगर

धनुष्कोडीहून आगबोटीनं दोनेक तासांत पलीकडं तलैमन्नार लागतं. तिथं कोलंबोची गाडी उभीच असते. ज्या भागात ते तलाव आहेत तो भाग आम्ही झोपेतच ओलांडला आणि डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना नारळच नारळ.

या बेटाचा आकार आंब्याच्या कोयीसारखा आहे. मधल्या दक्षिण भागात उंच डोंगर, भोवती सपाट किनारा. नैऋत्येचा कोपरा वर्षातून दोनदा भिजतो. तिथं हिरव्या रंगाशिवाय डोळ्याला काही दिसत नाही. उत्तर आणि पूर्व मात्र कोरडी. तिकडं जो पाऊस पडतो तो हिवाळ्याच्या तोंडाला, आणि तोच वर्षभर पुरवायचा. म्हणून तिकडं तलाव. हे सगळं मला कोलंबोच्या बाजारातल्या एका बोहरी शेठनी सांगितलं. मूळचे काठेवाडचे, हिंदी बोलणारे. त्यांच्या दुकानापुढं मामाजी एकदम थांबले आणि नाक वर करून वास घेऊ लागले. आत विड्यांची पुडकी होती. शेठनी एक पुडकं फोडून हातावर ठेवलं. मामाजींनी विडी उलगडली, पान उजेडात धरलं, शिरा पाहिल्या.

"हे तेंदूपान आपल्याकडचं आहे," ते म्हणाले.

शेठ हसले. "तुमचंच असणार. तुमच्याकडच्या पानाची विडी इथं बंदरातले हमाल ओढतात."

आमच्या जंगलात बायका उन्हात पानं तोडतात, पन्नास पन्नासांचे पुडे बांधतात, तेव्हा ते कोणाच्या ओठाला लागणार याचा विचार मी कधी केला नव्हता. मामाजी विडी ओढत नाहीत, पण ती उलगडलेली विडी त्यांनी कमरेला खोचून ठेवली.

कोलंबोत माणसं किती तऱ्हेची. सिंहली, जाफन्याकडचे तमिळ, मळ्यांवर आलेले तमिळ, मुसलमान व्यापारी, मलायी शिपाई, आणि डच लोकांचे वंशज, ज्यांची नावं गोऱ्यांची आणि रंग आमच्यासारखा. असाच एक गाडीचा गार्ड आम्हाला कँडीला जाताना भेटला. त्यानं मामाजींच्या गुलाबी सदऱ्याची फार तारीफ केली.

कँडीच्या वर डोंगराला चहाच चहा. झुडपं अशी कापलेली की डोंगरावर कोणी सतरंजी अंथरली आहे. पाठीवर टोपल्या लावलेल्या तमिळ बायका भराभर दोन पानं आणि कोंब खुडत जातात. त्यांची आणि आमच्या पानं तोडणाऱ्या बायकांची बोटं सारखीच चालतात. खाली उतरलं की रबराची झाडं, बुंध्याला चीर, चिरेखाली नारळाची करवंटी, त्यात दुधासारखा चीक. मामाजींनी एका झाडाच्या चिकाला बोट लावलं आणि ते पुढं दोन दिवस पागोट्याला चिकटत राहिलं.

हे सगळं परदेशी जातं आणि त्या बदल्यात तांदूळ येतो. कोणता तांदूळ? बर्म्याचा. हे ऐकल्यावर मामाजींचा चेहरा उतरला.

"वर्षातून दोनदा पाऊस, आन् भात बर्म्याचा खाऊन राहिले? काऊन?"

खाणावळीत आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं मला इंग्रजीत उत्तर दिलं. डोंगर चहाला गेले, किनारा नारळ आणि रबराला. भाताची जुनी भुई उत्तरेत, आणि तिथले तलाव कित्येक शतकं फुटून जंगलात पडले होते. आता सरकार एकेक दुरुस्त करतंय, पण हिवतापामुळं माणसं तिकडं टिकत नाहीत.

मी हे मामाजींना सांगितलं. "म्हंजे पाळ फुटली म्हनून," ते म्हणाले, आणि ताटातल्या भाताकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेची गाडी धरली.

अनुराधपूर

गाडीत समोर गुणपाल नावाचे तरुण गृहस्थ बसले होते. पांढरा कोट, खाली लुंगी, हातात छत्री. ते अनुराधपुरापलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर निघाले. दोन मास्तर भेटले की दोन स्टेशनांत पगार, इन्स्पेक्टर आणि खडूची टंचाई एवढं सगळं बोलून होतं. तसं झालं. मग त्यांनी विचारलं, म्हातारे काय करतात? मी सांगितलं. ते सरळ होऊन बसले.

"माझे मामा आमच्या गावचे वेलविदाने आहेत," ते म्हणाले. "म्हणजे तलाव राखायचा आणि पाणी वाटायचं. तुम्ही आमच्याकडं या."

मी मामाजींना सांगितलं की तुमचंच काम करणारा माणूस भेटतोय. ते म्हणाले, "चाला."

आधी अनुराधपूर पाहिलं. विटांचे स्तूप टेकड्यांएवढे, त्यांवर झाडं उगवलेली. बोधिवृक्षापुढं यात्रेकरूंची गर्दी होती. मामाजींनी पिंपळ म्हणून नमस्कार केला आणि पुढं झाले. मग गुणपाल आम्हाला गावाबाहेरच्या मोठ्या तलावावर घेऊन गेले. पाळ चढून वर आलो आणि समोर पाणी. धुकं होतं. पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता.

मामाजी पाळीवर चालत गेले, बरेच लांब. आतल्या बाजूला लाटांचा मार बसू नये म्हणून दगड रचलेले होते, त्यातला एकेक हलवून पाहिला. मग खाली बसून मातीचा गोळा वळला, हातात दाबला, फुटतो का पाहिलं. परत आले तेव्हा डोळे ओले होते. मी तिकडं पाहिलं नाही असं दाखवलं.

"किती वर्सं झाली याले?"

गुणपाल म्हणाले, दोन हजारांच्या आसपास म्हणतात.

"माती चांगली तुडवली आहे," मामाजी म्हणाले.

किरीबंडांचं गाव

गाव लहान. वीसबावीस घरं, शाकारलेली, मातीच्या भिंती, सगळी एका ठिकाणी गोळा झालेली. मागं नारळीची वाडी, समोर भातशेती, आणि शेतीच्या डोक्यावर तलाव. आमच्याकडच्यासारखंच. पाळीला लागून मोठमोठी अर्जुनाची झाडं; तिकडं त्यांना कुंबुक म्हणतात.

पोचल्या पोचल्या मामाजींच्या हातून एक चूक झाली. अंगणात कोणी पाठमोरं बसून सुपारी कातरत होतं, कमरेला लुंगी, डोक्यावर पांढरा अंबाडा. मामाजी नम्रपणे म्हणाले, "बाई, पाटील घरी आहेत का?" ते वळले तर दाट मिशा. तेच वेलविदाने, किरीबंडा. तिकडच्या जुन्या पुरुषांत केस राखायची रीत आहे. त्यांना मराठी कळत नसल्यानं मी वाचलो, पण "बाई" शब्द ऐकून गुणपालांनी अर्थ विचारला, आणि मी म्हटलं, आमच्याकडचा आदराचा शब्द आहे.

भाषेची अडचण होती तशी मजाही होती. मामाजी झाडीबोलीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार, गुणपाल सिंहलीत. पण हळूहळू कळलं की बरेच शब्द शेजारचेच आहेत. भाताला ते 'बत' म्हणतात, दिवसाला 'दवस', हाताला 'अत', गावाला 'गम'. एक, दोन, तीन मोजताना तर मामाजी त्यांच्या पुढं पुढं धावले. दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारे शेतात एकटेच गेले आणि आम्हा दोन मास्तरांची गरज संपली.

तिथं धान अजून गर्भात होतं. आमचं कापून, झोडून कणगीत गेलं, आणि इथं लोंब बाहेर यायची वाट बघताहेत. त्यांनी रोवणी केली नव्हती. बी फोकून पेरलं होतं. मामाजींना ते पाहवलं नाही. "असं आवत्या पेरून राहिले. रोवा म्हना." किरीबंडांनी उलट विचारलं की इतकी रोपं उपटून पुन्हा लावायला माणसं कुठून आणायची? इथं वीस घरं, आणि हत्तींना हाकायला रोज चारजण झाडावरच्या मचाणांवर. मामाजींनी विचार केला आणि म्हणाले, हत्ती असते तर आमीबी फोकलं असतं.

खाण्याचं मात्र अवघड झालं. रामेश्वराहून घरी गंगापूजन होईपर्यंत मासोळी खायची नाही असा मामाजींचा नेम, आणि त्या घरात प्रत्येक पदार्थात मासोळी. मालदीव बेटांवरून लाकडासारखी कडक सुकवलेली मासोळी येते. ती कुटून भोपळ्यात घालतात, फणसात घालतात, खोबऱ्याच्या लाल चटणीतही घालतात. मामाजी प्रत्येक वाटी नाकाशी नेत आणि खाली ठेवत. किरीबंडांच्या बायकोला वाटलं, पाहुण्यांना आपल्या हातचं आवडत नाही. खरं कारण कळल्यावर तिनं म्हशीच्या दुधाचं मडकंभर दही आणि माडाच्या रसाची काकवी पुढं ठेवली. मामाजींनी ते मडकं संपवलं. तिथं होतो तोवर दोन्ही वेळा तेच.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. आमच्या श्रावणासारखा नव्हे. एका दमात, दिवसभर, दुसऱ्याही दिवशी दिवसभर. आम्ही ओसरीवर बसून सुपारी खाल्ली. तलाव चढत होता. किरीबंडा दर थोड्या वेळानं जाऊन पाहून येत.

त्यानंतरच्या सकाळी पाऊस कमी झाला होता. मामाजी लोटा घेऊन पाळीकडं गेले आणि लगेच परत आले. लोटा तसाच भरलेला.

"जवाईबापू, त्याहिले बोलवा."

पाळीच्या पायथ्याशी, एका अर्जुनाच्या मुळांतून, मनगटाएवढी पाण्याची धार येत होती. किरीबंडांनी पाहिलं आणि मान हलवली. गुणपालांनी सांगितलं, "मामा म्हणतात, ही जागा त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून पाझरते."

"पाझरू दे," मामाजी म्हणाले. "पाळ रडतेच. पन निर्मळ रडलं पायजे. हे गढूळ रडून राहिलं."

त्यांनी एका करवंटीत ते पाणी धरलं आणि दगडावर ठेवलं. आम्ही सगळे वाकून बघत उभे. थोड्या वेळानं त्यांनी वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं. तळाला बोटभर माती बसली होती.

"ही पाळीच्या पोटातली माती आहे."

गुणपालांना हे सिंहलीत सांगावंच लागलं नाही. किरीबंडांनी करवंटीत बोट घातलं, काढलं आणि गावाकडं तोंड करून हाक मारली.

लोक धावत आले. फावडी, टोपल्या, चिकणमाती. पाळ फुटली तर खालचं सगळं धान जाणार होतं, आणि वर्षाला ते एकच पीक. एक दांडगा गडी पुढं झाला आणि टोपलीभर चिकणमाती धारेच्या तोंडावर टाकून पायानं दाबू लागला. दुसराही आला. तेव्हा मामाजी धावले. त्या गड्याला बाजूला सारलं आणि धारेपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"तोंड बंद नोका करू. बाहेरून बुच माराल तं पानी आतल्या आत दुसरीकून फाडीन."

मी ते इंग्रजीत ओरडलो, गुणपाल सिंहलीत ओरडले. तो गडी संतापला होता. हातात फावडं. हा कोण परका म्हातारा, गुलाबी सदऱ्यातला, आमचं धान बुडवायला उभा राहिलाय, हे त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता येत होतं. खरं सांगतो, मी घाबरलो. मी म्हटलं, "मामाजी, सोडा. त्यांचा तलाव आहे." ते हलले नाहीत.

किरीबंडा जवळ आले. त्यांनी लोकांना थांबवलं नाही की मामाजींना बाजूला केलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला, आणि गुणपालांनी तो मला सांगितला: तुमच्या पाळीला असं झालं होतं?

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "झालतं. मी बाहेरून बुच मारलतं. पाळ फुटली. त्या वर्सी आमच्या गावानं मोहफुलं खाल्ली."

इतक्या वर्षांत हे मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मी ते इंग्रजीत कसंबसं सांगितलं. गुणपालांनी सिंहलीत सांगितलं. किरीबंडांनी त्या दांडग्या गड्याच्या हातून फावडं घेतलं आणि तोंडावर टाकलेली चिकणमाती स्वतः ओढून काढली. मग मामाजींकडं बघून हातानं विचारलं, आता?

"कोंडा आना," मामाजी म्हणाले.

बायकांनी सुपं भरून भाताचा कोंडा आणला. तो पाळीच्या आतल्या बाजूला, काठाकाठानं पाण्यावर पसरला. कोंडा नुसता तरंगत राहिला. एक जागा, दुसरी, तिसरी. लोक कुजबुजू लागले. मग एका ठिकाणी तो हळूहळू गोल फिरू लागला आणि फिरता फिरता मधोमध दिसेनासा झाला. मामाजींनी बोट दाखवलं.

गावातले दोन तरणे गडी कमरेला दोर बांधून उतरले. पाण्याखाली मडक्याच्या तोंडाएवढं भोक होतं, कुजलेल्या मुळाची वाट. मग पेंढ्यात गुंडाळलेले चिकणमातीचे गोळे एकामागून एक आत ठासले. पहिले काही आत ओढले गेले. मग बसू लागले. सांडवा हातभर खणून तलाव थोडा उतरवला. बाहेरच्या तोंडाशी मामाजींनी आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर स्वतः रचले, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. त्या दांडग्या गड्यानं त्यांना दगड वाहून दिले. मध्येच मामाजी पाळीवरून घसरले आणि थेट चिखलात बसले. धोतर फाटलं. कोणी हसलं नाही. ते स्वतः हसले, तेव्हा सगळे हसले.

दुपारी धार करंगळीएवढी राहिली. किरीबंडांनी करवंटीत पाणी धरलं, दगडावर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसले. बराच वेळ बसले. मग पाणी ओतून करवंटी उलटी करून आम्हाला दाखवली. तळ स्वच्छ होता.

त्यांनी पाळीवर नारळ फोडला. आमच्याकडंही फोडतात. नारळाच्या दुधात शिजवलेला भात केळीच्या पानावर थापून त्याच्या वड्या कापल्या, आणि मासोळी घातली नाही हे सांगायला घरधनीण दोनदा आली. मामाजी किरीबंडांची लुंगी नेसून पंगतीला बसले. तो दांडगा गडी त्यांना वाढत होता.

जेवण झाल्यावर ओसरीवर ते मला म्हणाले, "बुच मारू नोको म्हनून एकानं सांगतलं होतं मले. सुकल ढिवर. जाळं टाकत होता थो तलावात. म्हने, पाटील, बाहेरून नाई, आतून. मी नवीननवीन पाटील. ढिवराचं आयकू? कोंडा टाकायचं त्याचंच सांगनं. आज मी त्याचंच केलं."

"मग गावात काय सांगितलं?"

"खेकड्यानं पोखरली म्हनून सांगतलं."

"आणि सुकल?"

"थो काई बोलला नाई. अजूनबी नाई बोलत."

घर

परतीच्या वाटेत विशेष काही घडलं नाही. रामेश्वरी मामाजींनी नवं धोतर घेतलं.

सौंदडला बैलगाडी आली होती. गावाच्या शिवेवर मामाजींनी गाडी थांबवली आणि गाडीवानाला ट्रंका घरी न्यायला सांगितलं. यात्रेहून आलेल्या माणसानं आधी घरी जायचं, पाय धुवायचे, गंगापूजन व्हायचं. मी तसं म्हटलं. ते तलावाच्या कडेनं ढिवरांच्या मोहल्ल्याकडं चालू लागले, म्हणून मीही गेलो.

सुकल अंगणात जाळं सांधत बसला होता. मामाजींपेक्षा वयानं मोठा, एक डोळा पांढरा झालेला. पाटील अंगणात आलेले पाहून उठू लागला. मामाजींनी त्याला बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मग सगळं सांगितलं. पाळ खेकड्यानं नाही, आपण फोडली, आणि तुझं ऐकलं असतं तर फुटली नसती, हेही बोलले. शेजारच्या अंगणांतली माणसं कामं थांबवून उभी होती.

सुकल जाळ्याच्या गाठी मारत ऐकत होता. शेवटी त्यानं मान वर केली.

"एवढं सांगायले लंकेपावतर गेलते काय, पाटील?"

सुकलनं जाळ्याचं मोकळं टोक त्यांच्याकडं सरकवलं. मामाजींनी ते दोन्ही हातांनी धरलं, ताणलं, आणि सुकल पुढच्या गाठीला लागला.

मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, जेवायला उशीर होईल.